मेंढरांना मुभा, मामाला मनाई

तालुक्याच्या कोर्टात वकिली करून माझं पोट बांधाच्या भांडणांवर चालतं. राज्यघटना मी परीक्षेपुरती वाचली होती. ती पुन्हा उघडायला लावली आमच्या गावच्या एका धनगर मामानं, लॉकडाऊनमध्ये.

मामा मेंढरं घेऊन मांजरा नदीच्या पलीकडे, कळंबच्या बाजूला चरायला गेले होते. तेवढ्यात जिल्ह्याची हद्द बंद झाली. इकडे त्यांची लेक बाळंतपणाला आलेली आणि घरात मामी एकटी. मामांचा फोन आला.

"वकीलसायब, पुलावर गेलतो. पोलीस म्हनला, जनावरं आन् चारा आदेशात हाय. मेंढरं जाऊ द्या, तुमाला पास लागंल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, मेंढरं एकली कशी जात्याल? तर म्हनला, ते आदेशात न्हाई."

मी त्यांच्यासाठी ऑनलाइन पासचा अर्ज भरला. लेकीचं बाळंतपण हे कारण लिहिलं. कारण सबळ नसल्याचं उत्तर आलं. मेंढरांना मात्र कुणीच कारण विचारलं नव्हतं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. संचारस्वातंत्र्य, समानता, जगण्याचा हक्क, सगळं एकाच प्रकरणात! बांध कोरल्याच्या दाव्यात असं कुठं मिळतं?

हायकोर्टात याचिका करायचं ठरलं. पण तिच्यावर मामांची सही हवी आणि मामा हद्दीपलीकडे. वकील अत्यावश्यक सेवेत नव्हते, भाजीपाला होता. म्हणून मोटारसायकलला कांद्याची पिशवी अडकवून मी पूल गाठला. बॅरिकेडच्या पलीकडे मामा उभे होते. आमच्यामध्ये तोच पोलीस.

"कशाचा कागद हाय?" त्यानं विचारलं.

"तुमच्या आदेशाविरुद्धचा."

मग त्यानं कागद घेतला, दोन्ही बाजूंनी सॅनिटायझर उडवलं आणि मामांपुढे धरला. "घ्या बाबा, करा सही. आमाला बी इथून सुटी भेटंल."

सुनावणी मोबाइलवर झाली. रेंजसाठी मी गच्चीवर, अंगात काळा कोट, भोवती वाळत घातलेल्या कुरडया. न्यायमूर्तींनी शांतपणे ऐकलं. सरकारी वकील म्हणाले, सुधारित आदेश निघतोय, थोडा वेळ द्यावा. वेळ मिळाला.

बाळंतपणाला वेळ मागता येत नव्हता. लेक अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. मामांनी नात फोनवर पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आटलेल्या नदीतून मेंढरांसकट गावात आले. घटनेची वाट त्यांनी पाहिली नाही. गावानं त्यांना शाळेत विलगीकरणात ठेवलं, मेंढरं थेट आपल्या मेंढवाड्यात गेली. बाळ घरी आल्यावर मामीनं ते लांबून, खिडकीतून दाखवलं. तेव्हा मामा रडले, असं मामी सांगते. मामा म्हणतात, मास्कमुळं डोळ्यांतून पाणी आलं.

निकाल आला तेव्हा तो आदेशच मागे घेतला गेला होता. याचिकेत आता काही उरलं नाही, म्हणून ती निकाली निघाली. जाता जाता कोर्टानं एक वाक्य लिहिलं होतं, साथ असली तरी निर्बंध वाजवीच हवेत. ते मी मामांना दोनदा समजावलं.

"म्हंजी जितलो का आपन?"

"म्हटलं तर जिंकलो."

"मंग नीट सांगायला कावून लाजताय?" असं म्हणत त्यांनी निकालाची एक प्रत मागून घेतली.

आता ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते फेट्यात ठेवतात. परवा एका वनरक्षकानं वनखात्याच्या माळावर अडवलं, तर त्यालाच काढून दाखवली. इंग्रजी मजकूर आणि खाली गोल शिक्का बघून तो म्हणाला, "जावा, पर संध्याकाळच्या आत निघा."

मामांनी फोनवर मला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्या निकालाचा जंगलाशी काही संबंध नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.