बिनपाण्याचं औषध

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. माझ्या बाकीच्या फजित्या सगळ्या गावाला पाठ आहेत. मुलगी बघायला चुकीच्या घरी शिरून पोहे खाल्ले, तेसुद्धा मीच पारावर रंगवून सांगतो. ही एक तेवढी गाळतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही मेंढरंवाले, कवठे येमाईकडचे. उन्हाळ्यात आमचा कळप मांडवगण फराट्याला सोपानमामांच्या रानात बसायचा — लेंडीखत त्यांना, बाजरी आम्हाला. मामा नात्याचे नव्हेत; झेंडू पिकवणारे माळी. पण माझे वडील, आबा, त्यांच्या ताटात जेवायचे.

त्या साली मेंढरांना जंत झाले. डॉक्टरांनी औषध दिलं, पाण्यात कालवून पाजा म्हणाले. आबांनी काम माझ्यावर सोपवलं, कारण घरात शिकलेला मीच — बारावी सायन्सला दोनदा बसलो होतो, उठलो एकदाही नव्हतो. विहीर लांब. म्हटलं, पाणी कशाला? नुसतं पाजलं तर जास्तच लागू पडेल की.

मामा एकेका मेंढीचा जबडा उघडून धरत होते, मी ओतत होतो.

"पाणी घातलंस न्हवं?"

"व्हय मामा, घालूनच आणलंय."

ऊन चढायच्या आत पहिली थरथरली. तोंडाला फेस. मग दुसरी, मग रांगच — पाय झाडत, एकमेकींवर कोसळत. गाभण्यासुद्धा. जंत मेले असतील, खात्रीनं.

रिकामी बाटली मी शेजारच्या उसात भिरकावली.

आबा आणि चुलते धावत आले. बांधावर मामांचा फवारणीचा पंप होता.

"काय मारलं रं ह्यानं रानात?" आबांनी मला विचारलं.

खोटं बोललो? तेवढीही हिंमत कुठली — नुसतं पंपाकडं बोट केलं.

मामांवर काठ्या पडायला लागल्या. डोकं फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी ते ओरडत होते, "आरं, फवारलेल्या रानात मी मेंढरं बशीवीन का?"

चुलत्यांचे हात थांबले. मामांनी मला शोधलं. "तू सांग की रं. सकाळी तू—"

मी कुऱ्हाडीचा दांडा उचलला आणि त्यांच्या तोंडावर घातला. रागानं? राग कुठून येणार? वाक्य पुरं होऊ नये म्हणून. हाड मोडल्याचा आवाज आला. तरी ओठ हलत होते — म्हणून पुन्हा घातला. आणि पुन्हा. शेवटी आबांनीच मला मागं ओढलं. "सोड, मरंल."

संध्याकाळी चुलत्यांनी माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

मामा जगले. पुढं बोलायला लागले, पण ते वाक्य त्यांनी कुणापाशी पुरं केलं नाही. का? मी कधी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी भांडगावात एका लग्नात मी पंगतीला वाढत होतो. नेहमीची टवाळी चालू — "लाजू नका, शेजाऱ्याचंही खा." पुढच्या पानावर मामा. तोंड एका अंगाला गेलेलं. मी लाडू पुढं केला. त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"चावत न्हाई रं," ते म्हणाले. "पाणी घातलेलं काय असंल तर वाढ."

मी आमटीची बादली आणली. वाढली. पुढच्या पानाकडं वळलो.