आवारातली बोलकी गाडी

ती गाडी आजही कानात बोलते. तेव्हा मी चाकणच्या कंपन्यांच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. एका कारखानदाराची गाडी रस्त्याकडेच्या ट्रेलरवर मागून आदळली. त्याचा नोकर-चालक स्टिअरिंगमागे मृत सापडला. मालकाने जबाब दिला, "त्याला डुलकी लागली. मी शेजारी होतो. जागेवरच गेला बिचारा." गुन्हा मेलेल्याच्याच नावावर दाखल झाला.

गाडी आवारात आली तेव्हा मला खटकलं. चेपली होती डावी बाजू, आणि डावीकडे बसलेल्या मालकाला साधं खरचटलंही नव्हतं. पण नुसत्या शंकेवर आरोपपत्र होत नाही.

एका भर दुपारी आमचे हवालदार त्या गाडीला टेकून तंबाखू मळत होते. ते पळतच आत आले.

"साहेब, गाडीत बाई बोलतीय!"

"ऊन लागलंय तुम्हाला," म्हणत मी बाहेर गेलो. दारं बंद, आत कुणी नाही. हवालदारांनी बोनेटवर थाप मारली. आतून बारीक, थंड आवाज आला, "सामने का कैमरा नहीं मिला."

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. काचेवर कॅमेरा नव्हताच, फक्त गोंदाचा गोल डाग होता. संध्याकाळपर्यंत कुणीतरी बोनेटवर लिंबू-मिरची ठेवली. शिपाई तिकडे दुचाकी लावेनात.

चालकाची बायको त्याचा डबा न्यायला आली, तेव्हा मी तिला विचारलं, "ताई, गाडीत कॅमेरा होता का?"

"होता की. ह्यांनीच बसवला. आधी कंपनीत ट्रिम लाइनला होते ना, गाड्यांची आतली कव्हरं बसवायला. मालक म्हनले, एक बी वायर दिसाया नको. मग ह्यांनी काचेशेजारच्या खांबाचं कव्हर काढून वायर एअरबॅगच्या मागून नेली. पुढून नेली तर बॅग उघडताना अडकंल, असं सांगायचे." मग तिचा आवाज चढला. "साहेब, गाडी चालवताना ते झोपणारे न्हाईत. पोरं शाळेत काय ऐकत्यात, ठावं हाय का तुमाला?"

मालकाला बोलावलं. चहा दिला. "कॅमेरा कुठाय?"

"कसला कॅमेरा? कधी नव्हताच."

म्हटलं, बरं. माणूस नको तिथे खोटं बोलला, की पोलिसाचं निम्मं काम होतं.

पंचांसमोर गॅरेजवाल्याकडून गाडी खोलली. हवालदार पेचकस खुपसणार, तोच गॅरेजवाला ओरडला, "अहो, आधी बॅटरी! बॅग फुटली तर तोंड फुटेल!" बॅटरीची तार काढून आम्ही थोडा वेळ थांबलो. प्लास्टिकच्या पट्टीने क्लिपा टकटक सुटल्या. उजव्या खांबात काळी वायर मूळ वायरींना कापडी टेपने नीट बांधलेली होती. वर तुटलेलं टोक. खाली ती स्टिअरिंगखालच्या पॅनेलमागे गेली होती, आणि तिथे फोमात गुंडाळलेली छोटी डबी. धक्का लागला की जागी होऊन तीच बोलत होती. मालकाने काचेवरचा डोळा उपटून फेकला. रेकॉर्डिंग या डबीत होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. वायर दिसायला नको, हा हट्ट त्याचाच.

सील करून डबी प्रयोगशाळेत पाठवली. रेकॉर्डिंगमध्ये रस्ता दिसत होता आणि दोन आवाज होते.

"साहेब, हळू. पुढं ट्रेलर उभाय."

"तू मला शिकवू नकोस रे."

मग धडाका. मग बराच वेळ काही नाही. आणि मग चालकाचा आवाज, अगदी हळू, "साहेब... मला ओढू नका. दुखतंय. पानी द्या." पुढे फक्त मालकाची धाप आणि कुणाला तरी एका सीटवरून दुसरीवर फरफटत नेल्याचा आवाज.

माझ्यासमोर तेवढं ऐकताच मालकाने कबूल केलं, "गाडी मीच चालवत होतो." पुढे काही विचारावं लागलं नाही.

चालकाच्या बायकोला मी 'हळू' एवढंच ऐकवलं. ती पदर तोंडाला लावून रडली. म्हणाली, "आता पोरांना सांगीन, तुमचा बाप जागा होता." पुढचं तिला न्यायालयात ऐकावं लागलं. ते मी टाळू शकलो नाही.

आता माझ्या मुलाच्या गाडीत कॅमेरा आहे. गाडी सुरू होताच एक बाई बोलते, आणि माझा हात आपोआप सीटच्या पट्ट्याकडे जातो. एवढ्या नोकरीत माणसं ओळखायला शिकलो असं मला वाटायचं. या प्रकरणाने एवढंच शिकवलं, की शेजारचा 'हळू' म्हणाला, तर तो नोकर आहे की कोण, हे न बघता पाय ब्रेकवर ठेवावा.