शालूनं वाचलं ते पुस्तकात नव्हतं

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तूरडाळ निवडत होते. तिचा मुलगा म्हणाला, "मावशी, आई सकाळी गेली. झोपेतच." मी "बरं" म्हणाले आणि ताट खाली ठेवलं. रडू आलं नाही. आमच्या वयात अवेळी फोन वाजला की माणूस निम्मं आधीच ऐकून घेतं. डाळ मात्र तशीच राहिली, कारण डाळ निवडणं आणि शालू ही माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे... ते कसं, तेच सांगायला बसलेय. पाच आठवडे झाले, आता सांगता येईल.

छप्पन साल असेल. चाकणजवळच्या खेड्यातून लग्न होऊन मी पिंपरीला आले, सतरा वर्षांची. नवरा औषधाच्या कारखान्यात. कामगारांच्या खोल्या एका ओळीत. आमची चौथी, शालूची पाचवी. ती तळेगाव दाभाड्याची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि सगळ्या ओळीत वाचता येणारी बाई ती एकटीच. सातवीपर्यंत शिकलेली, फक्त शेवटच्या परीक्षेला बसली नव्हती. का, ते कुणी विचारलं नव्हतं. लग्न ठरलं असेल, असं आम्ही आपलं धरून चाललो. दुपारी जेवणं उरकली की आम्ही चौघी ताटं घेऊन तिच्या दारात. धान्य आम्ही निवडायचं, तिच्या वाटणीचंसुद्धा, आणि वाचायचं तिनं, असा ठरावच होता. तिचा नवरा चिंचवडच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायचा. केसातला आकडा काढून ती ओळीखाली धरायची नि वाचायची. तीनचा भोंगा झाला की आकडा पानात, पुस्तक बंद.

एकदा एक कादंबरी आली. नाव लिहीत नाही, लिहिणारा बिचारा केव्हाच गेला. त्यात चाळिशीचा मास्तर आणि चौदा वर्षांची पोर. शाळा सुटल्यावर तो तिला शिकवणीसाठी थांबवून घेतो. आणि काय बाई गोड बोलायचा तो मास्तर! आम्हा बायकांना तो आवडायलाच लागला होता. मग एक दिवस तो तिचा हात धरतो, ती गप्प राहते, इथवर शालू आली आणि मी बोलले. मीच. "पोरगीच तसली आसंल. टाळी काय एका हातानं वाजती व्हय?" बायका हसल्या. शालू थांबली, तांब्यातलं पाणी प्याली, आकडा पानात ठेवला. "आज डोकं दुखतंय गं," म्हणाली. भोंग्याला अजून पुष्कळ वेळ होता.

दुसऱ्या दिवशी मात्र झरझर वाचलं तिनं. पोर घरी जाते, आईला सांगते. आई विळी टाकून तशीच उठते, शाळेत जाऊन हेडमास्तरांपुढं उभी राहते. मास्तरला गाव सोडावं लागतं आणि पोर परीक्षेला बसते, पास होते. आमच्यातली कोंडाबाई म्हणाली, "ब्येस झालं! पर मेल्याला चार फटकं द्यायाचं हुतं." शालू हसून म्हणाली, "घालू का पुढच्या पानात?" आम्हाला ती थट्टा वाटली.

पुढं वर्षभरात मी वाचायला शिकले. शिकवलं कुणी नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद होते, आणि अडलं की शालूची भिंत होतीच ठोकायला. पहिलं अख्खं पुस्तक वाचायचं तर गोष्ट ठाऊक असलेलं बरं, म्हणून तीच कादंबरी मागवली. जोडाक्षराला ठेचा खात आठ दिवसांत पुरी केली. आणि बघते तर त्यात आई उठत नाही, हेडमास्तर येत नाहीत. पोर कुणाला काही सांगतच नाही, विहिरीत जाते. त्यानंतर चाळीस पानं मास्तर नदीकाठी रडतो, आणि गाव म्हणतं, बिचारा, मोहात पडला. मला राग आला. मास्तरचा नव्हे, शालूचा! पुस्तक घेऊन तिच्या दारात गेले.

"शालू, तू आमाला फसवलंस. ह्यात आसलं कायबी न्हाई. ती विहिरीत जाती."

"जाते ना."

"मग?"

ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "तू टाळीचं बोललीस. मग तिला तुमच्या तावडीत कशी सोडू?" भाकरी तव्यावर टाकून तिनं वरून पाणी फिरवलं. "टाळीला दोन हात लागतात, खरं आहे गंगे. दोन्ही त्याचेच असले तर?"

मग तिनंच सांगितलं. तळेगावच्या तिच्या शाळेत परीक्षेचा फॉर्म मास्तरच्या सहीनं जायचा. तिचा गेला नाही.

"आईला सांगितलं हुतंस?"

"सांगितलं. तीपण टाळीचंच बोलली... भाकरी खाणार का?"

एवढंच. पुन्हा तो विषय नाही. मी चुकले हे मला त्या दिवशीच कळलं, पण म्हणायला तोंड उघडलं नाही, ते उघडलंच नाही. संसार, मुलं, नातवंडं... साठ-पासष्ट वर्षं अशीच जातात. त्या काळात मी वाचल्या पुष्कळ कादंबऱ्या, आणि मास्तर भेटला की बारकाईनं बघायची सवय लागली. पश्चात्ताप त्याला पानंच्या पानं मिळतो. पोरीला मिळतात डोळे आणि वेण्या. दोष टाकायचा झाला तर वयावर, नशिबावर, फार तर पोरीच्या हसण्यावर. छडी, हजेरी आणि सही ज्याच्या हातात, त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. मी शिकलेली नाही, चूकभूल असेल. पण मला असं दिसलं.

शेवटची भेट पिंपळे गुरवला, तिच्या मुलाच्या घरी. शालूची नजर गेली होती. वाचनालयानं जुनी पुस्तकं विकायला काढली तेव्हा तिनं ती कादंबरी घरी आणून ठेवली होती. म्हणाली, "वाच." मी आकडा ओळीखाली धरून वाचू लागले, मोठ्यानं वाचायची सवय नव्हती म्हणून ठेचा खात, पहिल्यासारखीच. ते पान आलं. मी नजर वर घेतली आणि सांगत गेले... आई विळी टाकून उठली, शाळेत गेली, मास्तर गाव सोडून गेला, पोर पास झाली.

शालू ऐकत होती. मग म्हणाली, "गंगे, एकदासुद्धा अडखळली नाहीस. म्हणजे वाचत नव्हतीस."

"न्हाई," मी म्हणाले. "शालू, त्या दिवशी मी टाळीचं..."

"ठाऊक आहे. चार फटके राहिले बघ, कोंडाबाईचे. तेवढे घाल."

मी घातले. जाताना तिनं पुस्तक माझ्या पिशवीत टाकायला लावलं.

आता आमच्या सोसायटीतल्या बायकांना मी दुपारी वाचून दाखवते. परवा ते पान आलं, तर एक नवी सून हळूच म्हणाली, "पण आजी, ती थांबलीच कशाला शाळेत?" मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं, पाणी प्याले, आणि पुढचं तोंडी सांगायला लागले.