मुठीतल्या पिना

एमआरआयवाल्यानं मला दारातच अडवलं. "ताई, बांगडीतल्या सेफ्टी पिना आत गोळीसारख्या सुटतील." मी त्या काढून मुठीत धरल्या आणि बाहेरच थांबले.

"तुझ्या अंगावर लोखंड काही?" त्यानं लेकीला विचारलं.

"अंगावर नाही. लिव्हरमध्ये आहे."

थॅलेसेमिया आहे तिला. दर तीन आठवड्यांनी चढवलेल्या रक्तानं ती जगली, आणि त्याच रक्तातल्या लोखंडानं तिचं लिव्हर पोखरलं. मागे ते लोखंड मोजायला बरगड्यांमधून सुई खुपसली होती. ती किंकाळी अजून कानात आहे. आज यंत्र नुसताच घणाच्या घावांसारखा आवाज करत लिव्हरमधलं लोखंड मोजतंय, चरबी मोजतंय. मेल्या चुंबकाला माझ्या पिना ओढता येतात, तिच्यातलं लोखंड तेवढं ओढून काढता येत नाही!

"आई, रक्ताचा थेंबही नाही सांडला," ती हसत बाहेर आली.

मी मूठ उघडली. एक पिन तळहातात खोल रुतली होती.