गोट्याची माय

ही गोष्ट बायकोलाही ठाऊक नव्हती. कितीदा तरी सांगायला तोंड उघडलं — आणि चहा मागितला. ती करून द्यायची बिचारी. आता ती नाही. तुम्ही बसला आहात, तर ऐका.

दवाखान्यांच्या नोंदी सांभाळून देणाऱ्या एका कंपनीत माझी हयात गेली. आधी आम्ही पुठ्ठ्याची कार्डं आणि लाकडी खण पुरवायचो. पुढे संगणक आले आणि तेच काम पडद्यावर गेलं. शेवटची बरीच वर्षं नव्या मुलांच्या मुलाखती मीच घ्यायचो. खोटं बोलणारा उमेदवार मला दारातच कळतो, असं म्हणायचो — म्हणायला काय जातं?

महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची ही गोष्ट. कंपनीनं खामगावला कचेरी उघडली. जागा एकच. मी मेहकरचा, वसंता अमडापूरचा. चिखलीला एका खोलीत राहून दोघं मॅट्रिक झालेलो. लहानपणीच्या तापात त्याचा एक पाय अधू झाला होता. औतामागं त्याला चालवत नसे, आणि भावाच्या जिवावर जेवणं त्याला खुपायचं. मला ती नोकरी हवी होती. त्याला तिच्यावाचून दुसरं काही नव्हतं. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

कचेरीबाहेर बाकड्यावर बसून तो त्याच्या वहिनीची गंमत सांगत होता. दवाखान्यात कंपाउंडरनं तिला नवऱ्याचं नाव विचारलं. ती कसली घेते! नवऱ्याचं नाव बाईनं उच्चारायचं नाही, अशी तेव्हाची रीत. ती मान खाली घालून उभी राहिली. कंपाउंडरनं नुसत्या तिच्या नावावरून दुसऱ्याच कुणा शांताबाईचं कार्ड काढलं, आणि औषधही त्या बाईचंच हिला दिलं. मग वसंतानंच त्याला सांगितलं, "नवऱ्याचं काऊन इचारता? पोराचं इचारा ना. गोट्याची माय म्हणून लिवा." आम्ही पोट धरून हसलो.

मला आधी बोलावलं. पुण्याच्या साहेबांनी विचारलं — बाई नवऱ्याचं नाव घेत नसेल, तर तिचं कार्ड कसं शोधाल? मी... वसंताची गोष्ट सांगितली. माझी म्हणून. वहिनीसकट. साहेब खूश झाले.

एवढ्यावर थांबतो तर कदाचित विसरूनही गेलो असतो.

मग वसंता आत गेला. थोड्या वेळानं मला पुन्हा बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "हेही तुमचंच उत्तर सांगतायत. बाहेर तुम्ही सांगितलंत का यांना?" वसंता हसत होता. त्याला काळजीच नव्हती — मी होतो ना! "सांग बे त्यायले," तो म्हणाला, "माह्याच वहिनीची गोष्ट हाय म्हणून."

आणि मी — त्याच्याकडे न बघता — म्हणालो, "माफ करा साहेब. मीच सांगितलं. त्याला नोकरीची फार गरज आहे."

म्हणजे चोर तो, आणि दयाळू मी! साहेबांनी माझ्या मित्रप्रेमाचं कौतुकही केलं. मी ते घेतलं.

बाहेर आल्यावर वसंतानं एवढंच विचारलं, "काऊन बे?" एसटी स्टँडपर्यंत तो माझ्यापुढं चालत गेला, त्याच पायानं, आणि मला त्याला गाठवलं नाही.

तो भावाच्याच घरी राहिला. अमडापूरच्या बाजारात दोनदा दिसला, ओट्यावर दोर वळत बसलेला. दोन्ही वेळा मी रस्ता बदलला. तो गेल्याचंही मला फार उशिरा कळलं.

आमच्या संगणकात बाईच्या नावाखाली आजही मुलाच्या नावाचा रकाना आहे. ती माझी कल्पना, असं सगळे मानतात. निवृत्तीच्या समारंभात माझ्या वहिनीची ती गोष्ट पुन्हा सांगितली गेली. लोक हसले. मीही हसलो, टाळ्याही घेतल्या.

मला भाऊ नाही. मी आईबापांचा एकुलता एक.