‘येते’ म्हटल्यावर

परका माणूस अशी काही जात जगात नसतेच, असं ठामपणे मानणारी एकच व्यक्ती मी पाहिली, आणि ती अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या शेजारी राहायची. शेजाऱ्याची आई. काकू मिरजेहून मुलाकडे आल्या आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या कुत्र्यांची नावं आणि त्यांच्या मालकांची दुखणी त्यांना तोंडपाठ झाली. जिथं सख्खी बहीणसुद्धा फोन केल्याशिवाय येत नाही, तिथं काकू मागच्या अंगणातून थेट माझ्या स्वयंपाकघरात अवतरायच्या आणि कढईत डोकावून ‘मीठ घातलंस का गं?’ विचारायच्या. दुकानात काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं ‘हाऊ आर यू?’ म्हटलं, की काकू खरंच सांगायला लागायच्या. गुडघ्यापासून निघून पित्तापर्यंत पोचेतो मागे ही रांग! मुलगा बिचारा कानकोंडा व्हायचा. “आई, ते नुसतं विचारतात गं. उत्तर एक्स्पेक्ट करत नाहीत.” “मग विचारायचं कशाला?” काकू म्हणायच्या. याचं उत्तर अख्ख्या कॅरीत कुणाकडे नव्हतं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही घरांनी मिळून नॉर्वेची क्रूझ केली. काकूंच्या मते ते जहाज म्हणजे पाण्यावरचं मंगल कार्यालय होतं. “सकाळपासून पंगती उठतायत, फक्त नवरा-नवरी काही दिसत नाहीत,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. एका सकाळी जहाज उंच डोंगरांमधल्या खाडीत शिरून थांबलं. तिथल्या लोकांचा शब्द फ्योर्ड, काकूंची खाडीच. छोट्या बोटींनी आम्हाला काठावरच्या गावात नेलं. गाव केवढं, तर एक चर्च, एक दुकान आणि उतारावर लाल रंगाची लाकडी घरं. सगळे नव्या डिजिटल कॅमेऱ्यांनी धबधबे टिपत सुटले. “धबधबे आंबोलीला काय कमी आहेत? चल, माणसं बघू,” म्हणत काकूंनी माझा हात धरला आणि चढ चढायला सुरुवात केली.

धक्क्याच्या अगदी वरच्या घराच्या अंगणात एक आजीबाई झुडपावरची लालचुटूक फळं खुडत होत्या. काकूंनी फाटक उघडलं, आत गेल्या आणि बाजूला बसून खुडायलाच लागल्या. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आजीबाई आधी बघतच राहिल्या, मग त्यांनी हसून टोपली मध्ये सरकवली. काकू मराठीत बोलत होत्या, त्या नॉर्वेजियनमध्ये, आणि दोघींच्या माना एका तालात हलत होत्या. मधेच मी इंग्रजीत काही समजावून सांगायला गेले, तर दोघींनीही माझ्याकडे व्यत्यय आल्यासारखं पाहिलं. आजीबाईंनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं, तेव्हा तर काकूंना माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला.

थोड्या वेळानं खालून मुलाची हाक आली. काकू पदर सावरत उठल्या. निघताना ‘जाते’ म्हणणं आपल्यात अभद्र. म्हणून त्या “येते हं” म्हणाल्या आणि समोरचीला कळावं म्हणून इंग्रजीही केलं, “आय कम, हं? आय कम!” आजीबाईंचा चेहरा एकदम खुलला. घराकडे बोट दाखवून त्यांनी ‘कॉफी’सारखं काहीतरी म्हटलं. काकूंनीही आनंदानं मान डोलावली आणि आम्ही गाव बघायला उतरलो.

परतायच्या वेळी आम्ही धक्क्यावर शेवटच्या बोटीच्या रांगेत उभे होतो. काकूंची नजर सहज वर गेली. अंगणात पांढरं कापड घातलेलं टेबल, त्यावर किटली, दोन कप, आणि आजीबाई फाटकाशी उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या.

“अगंबाई! ती माझी वाट बघतेय!” काकू रांगेतून बाहेर पडल्या.

“आई, लास्ट बोट आहे ही! शिप निघून जाईल!” मुलगा ओरडला.

“मी येते म्हटलंय तिला.”

“अगं, ते निघताना म्हणायचं असतं फक्त!”

“ते तुला माहीत. तिला काय माहीत?”

आणि काकू दुखऱ्या गुडघ्यानिशी चढ चढायला लागल्यासुद्धा. मी मागे धावले. खाली मुलगा बोटवाल्याच्या विनवण्या करत होता, जहाजाचा भोंगा वाजत होता, आणि वर काकू बशीत ओतून कॉफी पीत होत्या. हृदयाच्या आकाराची मऊ वॅफल्स होती, वर त्याच फळांचा मुरंबा. काकूंनी एक संपवलं, दुसरंही घेतलं. त्यांना ‘उठा’ म्हणायला माझी जीभ रेटेना.

शेवटी त्या उठल्या. सवयीनं “ये...” म्हणता म्हणता माझ्याकडे वळल्या. “आता काय म्हणू गं हिला?” मग त्यांनी आजीबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच म्हणाल्या, “जाते हं, बाई. आय गो.” आजीबाईंनी मान हलवली. त्यांना कळलं होतं.

बोटवाल्यानं दोर सोडता सोडता आम्हाला आत ओढलं. मुलानं रागानं तोंड फिरवलं होतं. काकूंचे डोळे भरलेले पाहून मी म्हटलं, “काकू, ‘येते’ म्हणाला असतात तरी चाललं असतं.”

“छे गं. उद्या पुन्हा दोन कप मांडून बसली असती ती.”

दोनेक वर्षांनी काकू कायमच्या मिरजेला परतल्या. गाडीत बसताना माझ्या गालावरून हात फिरवून त्या मला “येते गं” म्हणाल्या. त्या काही आता येत नाहीत, हे मला कळतं. पण काकू उगाच काही बोलायच्या नाहीत, तेव्हा मी आपली वाट बघते.