काजं कुठल्या बाजूला

आमच्या वन्सं बायकांचे कपडे शिवतात आणि पुरुषांचेही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाकडे एक नजर टाकून सगळं ठरवतात. विचारणं म्हणजे कमीपणा. मी त्यांची भावजय, दुकानात काजं-बटणं करते आणि बोलणी खाते.

माझ्या लेकराने चार वर्षांपूर्वी सांगितलं, मी नॉनबायनरी आहे. मला काही कळलं नाही, रडले मात्र भरपूर. तेव्हापासून वन्संनी काहीही शिवून दिलं की लेकरू "छान आहे" म्हणायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं. वन्संना ते फार लागायचं, पण कबूल करतील तर शपथ.

गेल्या आठवड्यात लेकराला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं, कोट हवा.

"मीच शिवणार," वन्सं म्हणाल्या. "पण तुझं ते नॉनबायनरी म्हणजे काय, ते आधी नीट सांग."

"आत्या, मी बाई आहे असं मला वाटत नाही, आणि पुरुष आहे असंही नाही. एवढंच."

झालं. संध्याकाळपर्यंत वन्संनी निम्मी गल्ली नॉनबायनरी करून टाकली. इस्त्रीवाला घरी भांडी घासतो म्हणून तो, शेजारीण ट्रक चालवते म्हणून ती.

लेकरू हसून बेजार. "कामावरून नसतं गं ठरत. ज्याचं त्याने सांगायचं, आपण ठरवायचं नाही."

कोट बेतून झाला, शिवून झाला आणि काजांपाशी घोडं अडलं. बायकांच्या कोटाला काजं उजवीकडे, पुरुषांच्या डावीकडे. दोन दिवस कोट तसाच पडून. मी म्हटलं, "चेन लावा आणि व्हा मोकळ्या." त्यांनी असं काही बघितलं की मी गुपचूप सुईत दोरा ओवायला घेतला.

शनिवारी त्यांनी लेकराला समोर उभं केलं. "काजं कुठल्या बाजूला करू?" जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला विचारलं असेल.

"उजवीकडे कर. माझा हात डावा, बटणं लावायला सोपं पडतं."

"एवढ्यासाठी दोन दिवस झोप नाही मला," वन्सं पुटपुटल्या.

रविवारी कोट अंगावर चढला. आरशात पुढून बघून झालं, मागून बघून झालं. आता "छान आहे" येणार, म्हणून मी आधीच हँगर शोधायला लागले.

"आत्या, बाही बोटभर लांब झालीय."

चार वर्षांतली पहिली तक्रार. खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं. वन्सं टाचण्या घेऊन धावल्या. "काढ, आत्ता करून देते."

"काढत नाही," लेकरू म्हणालं. "अंगावरच टाच."